उतरवलेली चाल

४ एप्रिल १९९५, सांगली

आलो एकदाचा सांगलीत! पाटणहून सकाळच्या एसटीने कराड, कराडला गाडी बदलली आणि जेवणवेळेला सांगली. पायाशी ट्रंक, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. पेटीत काय आहे असं कंडक्टरने विचारलं, तेव्हा पोटापाण्याचं आहे म्हणून सांगितलं. पाटणचा आमचा बँड मोडला त्याला दोन वर्षं झाली. मधे मिळेल ती रोजंदारी केली. आता पुन्हा वाजवायचं काम मिळालं आहे, त्यामुळे आज मी कोणावरही चिडणार नाही असं ठरवलं आहे.

हरिबा मास्तरांच्या बँडचं दुकान हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत आहे. गल्लीत शिरलं की हळद नाकात जाते. दुकानात भिंतीला ओळीने लाल कोट टांगलेले, त्यांच्या खांद्यांवरसुद्धा बारीक पिवळी भुकटी. मास्तर साठीचे, अंगाने वाळकुडे, पण ट्रंपेट तोंडाला लावलं की गल्ली दणाणते. त्यांनी चहा पाजला आणि वाजवायला सांगितलं. मी वाजवलं. डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, की अंगारा-धुपारा, भुताखेताचं काही मानता का? मी सांगितलं की आम्ही बौद्ध. छप्पन्न सालानंतर वडिलांनी घरातलं ते सगळं बंद केलं. मला त्यातलं काही ठाऊकही नाही आणि त्याची भीतीही नाही. मास्तरांचा चेहरा खुलला. असाच माणूस पायजे हुता, म्हणाले. मास्तर सुधारकी वळणाचे दिसतात.

खोली दुकानापासून चार घरांवर, पत्र्याची, पण उजेड चांगला. शेजारी आकाराम नावाचे गृहस्थ आणि त्यांची बायको बयाबाई राहतात. आकाराम गेल्या हंगामात याच बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणजे मी त्यांच्याच जागी आलो आहे. ते पायरीवर बसले होते. मी नमस्कार केला तर त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. जागा गेल्याचा राग असेल. वाजवणाऱ्या माणसाला नाक असतंच, मलाही आहे.

आम्रपालीला पत्र टाकलं. पावसाळ्यात काम थांबलं की तिला आणि दीपमालेला इकडे आणायचं. दीपमाला चार वर्षांची. निघताना तिने पेटीच धरून ठेवली होती. मी वाजवायला लागलो की संपेपर्यंत न उठणारं आमच्या घरात ती एकटीच आहे. तिच्या आईला तेवढ्यात नेमकी भाकरी आठवते.

१५ एप्रिल

काल जयंतीच्या मिरवणुकीत वाजवलं. दुपारी तीनला सुरू केलं ते अंधार पडेपर्यंत. बायका, पोरं, म्हाताऱ्या, सगळी रस्त्यावर. ओठ सुजले, पण असं सुजणं रोज मिळावं.

मास्तरांच्या चालीबद्दल लिहायचं राहिलं. दरवर्षी तुळशीची लग्नं झाली की मास्तर एक नवी चाल बांधतात. सिनेमातली नाही, स्वतःची. हंगामभर प्रत्येक वरातीत तीच वाजते आणि पुढच्या हंगामाला दुसरी येते. तासगाव, विट्यापर्यंतचे लोक त्या चालीसाठी याच बँडला बोलावतात. यंदाची तर अफलातून आहे. हळू सुरू होते, कोणीतरी लांबून नाव घेऊन बोलावल्यासारखी. मग तीन वळणं घेते. आणि आता संपली असं वाटतं तिथूनच पुन्हा पहिला सूर निघतो. म्हणजे एक फेरा संपतो आणि दुसरा लागतो, वरात मांडवापर्यंत कितीही वेळ घेऊ दे. मास्तर खरंच मोठा माणूस आहे.

९ मे

विट्याला सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरचं लग्न होतं. भाऊबंद मद्रास, कानपूर, कुठून कुठून वर्षातून एकदा गावी आलेले, त्यांना वर्षाचं सगळं नाचणं एका दिवसात उरकायचं असतं. ती चाल अकरा वेळा वाजवायला लावली. दुसरं काही काढलं की नवरदेवाचा फौजी मामा समोर येऊन उभा राहायचा. आवं, ती वाजवा की, ती!

मला चाल अजून आवडते. पण अकरा वेळा म्हणजे अती होतं.

३० मे

वैताग आला आहे. सकाळी एक लग्न, दुपारी एक, संध्याकाळी वरात, सगळीकडे तीच. पानपट्टीवाला तीच शीळ घालतो. सिटीबसचा ड्रायव्हर हॉर्नवर तीच वाजवतो. ढोलवाला सयाजी म्हणतो, गड्या, बायकूनं ताटात भाकरी टाकली तरी मला त्यातनं त्योच ठेका ऐकू येतोय. सगळ्यांची तीच गत आहे. परवा एका वरातीत आम्ही बाराही जण वाजवता वाजवता रस्त्याच्या कडेला बघत होतो, एकाचंही तोंड दुसऱ्याकडे नव्हतं.

एखादं गाणं आवडेनासं झालं की माणूस रेडिओ बंद करतो. आम्हाला ते फुंकून फुंकून दुसऱ्यांना ऐकवावं लागतं. आणि गंमत अशी की चाल वाईट नाही. तिला शिव्या द्याव्यात असं तिने काही केलेलं नाही. आम्हीच तिला वापरून वापरून चिंधी केली.

५ जुलै

यंदाचा शेवटचा लग्नाचा दिवस काल झाला. आज चाल उतरवली. या बँडची ही रीत मला ठाऊक नव्हती, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळी दहाला सगळेजण मास्तरांच्या मेहुण्याच्या गुऱ्हाळावर गेलो. गुऱ्हाळ आता बंद आहे. काहील उपडी पडलेली, चुलवणात मांजर व्यालेली, सगळीकडे जुन्या गुळाचा आंबूस वास. आजूबाजूला ऊस, माणूस नाही. मास्तरांनी मला फेटा बांधला, हार घातला आणि सांगितलं की कंटाळा आलेली चाल तशीच सोडून द्यायची नसते. एकाने ती एकट्याने, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा वाजवायची, शेवटच्या सुराला थांबायचं, पहिला सूर पुन्हा घ्यायचा नाही. मग ती उतरते. हा मान नव्या माणसाचा.

मग खिशातून कापसाचा पुडा काढला आणि बाकी अकरा जणांना वाटला. त्यांनी बोळे करून कानात घातले. मला हसू आवरेना. मी सयाजीला खुणेनेच विचारलं की मी इतकं बेसूर वाजवतो का? तो हसला नाही.

मी मात्र जीव ओतून वाजवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती पुन्हा सुरेख वाटली. शेवटच्या सुराला थांबलो. उसातून वारासुद्धा येत नव्हता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि सगळे पटापट चालायला लागले. दुपारी मटणाचं जेवण झालं. मला दोनदा वाढलं.

६ जुलै

सगळे कसे हलके झालेत! सयाजी सकाळी भलतंच काहीतरी गुणगुणत आला. गंमत म्हणून मी म्हटलं, अरे ती आपली चाल गुणगुण की. तो आठवायला लागला. बराच वेळ. मग म्हणाला, कंची रं? मी म्हटलं पुरे कर नाटक. तो नाटक करत नव्हता.

पानपट्टीवाल्याला विचारलं. तीन महिने शीळ घालून कान किटवले होते त्याने. त्यालाही आठवेना.

१० जुलै

मला मात्र चांगलीच आठवते. कानात चालूच आहे. तीन महिने एकच घास चावला तर चव राहणारच, चार दिवसांत जाईल.

आम्रपालीचं पत्र आलं. या महिनाअखेर येते म्हणाली. दीपमाला रोज दारात बसून लाल कोट कधी दिसतो ते बघते म्हणे.

१४ जुलै

क्लॅरिनेट काढलं. भीमगीत वाजवायला बसलो. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीत बोटं वळली आणि ती सुरू झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पत्ती बदलून पाहिली. लहानपणी काकांनी शिकवलेली साधी सरगम घेतली, तर तीही तिसऱ्या सुराला तिकडे गेली.

दमलो असेन. हंगामभर धड झोप नाही.

१७ जुलै

कानात ती थांबत नाही. सूर अगदी बारीक आहे, पण सारखा. फेरा संपतो आणि पहिला सूर मी न घेता आपोआप लागतो. मोजलं नाही, मोजावंसंही वाटत नाही.

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान स्वच्छ आहेत म्हणाले. गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाले. चांगला माणूस. त्यांचं शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही, कारण त्या वेळी चालीचं मोठं वळण चालू होतं. मी मान हलवली.

२१ जुलै

आज बयाबाईंनी हाताला धरून घरात नेलं. पाणी दिलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं होतं. हळू बोलल्या तर ऐकू येईना, मग कानाशी येऊन मोठ्याने बोलल्या.

आकाराम कोणावर रागावलेले नाहीत. ते ऐकतच नाहीत. गेल्या वर्षी ते नवे होते, गेल्या वर्षीची चाल त्यांनी उतरवली. सगळ्यांच्या डोक्यातनं गेली, त्यांच्यात राहिली. आधी बारीक, मग मोठी, मग बाकीचं सगळं त्याखाली गेलं. बयाबाई त्यांच्या पुढ्यात ताट ठेवतात तेव्हा जेवतात. वर्षभरात नवऱ्याने त्यांचा एक शब्द ऐकलेला नाही.

मी विचारलं, जात नाही का? त्या म्हणाल्या जाते. ज्यानं आदी ती कवाच ऐकली न्हाई, आशा कोऱ्या कानाच्या माणसानं तुमच्याकडनं ती ऐकली पायजे. आख्खा फेरा. मनापास्नं, अजून ऐकू वाटलं पायजे त्याला. मग ती त्याच्याकडं जाती.

म्हटलं, मग यांनी का नाही दिली? त्या आकारामकडे बघत म्हणाल्या की बहिणीचा लेक जीव लावून ऐकणारा होता, शिकायला यायचा. यांनी त्याला दारातनंच हाकललं. तवापास्नं बहीण बोलत न्हाई.

माझा यावर विश्वास नाही. असल्या गोष्टींवर आमच्या घरात कोणी विश्वास ठेवत नाही. वडील म्हणायचे, विचारल्याशिवाय मानायचं नाही. म्हणून मी उद्या विचारणार आहे.

२२ जुलै

मास्तर दुकानात एकटेच होते. मला बघितल्यावर आधी त्यांनी कानात बोटं घातली. मग लाजले आणि काढली. मी ओरडून विचारलं. ते रडायला लागले. एकानं घेतली न्हाई तर बारा जणांना खाती, म्हणाले. वडिलांच्या वेळेला कोणी घेतली नव्हती, तेव्हा काय झालं ते सांगायला लागले, मला ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं कळलं. तुमी मानत न्हाई, तर तुमाला लागायची न्हाई, आसं वाटलं हुतं मला.

मारायला हात उचलला होता. पण म्हातारा पाया पडायला वाकला. काय करणार? तसाच परत आलो.

२५ जुलै

एसटी स्टँडवर गेलो होतो. क्लॅरिनेट घेऊन. लिहायला लाज वाटते. जतकडच्या गाडीची वाट बघत एक माणूस बसला होता, सीमेकडचा, म्हणजे कोऱ्या कानाचा. त्याच्या शेजारी बसून वाजवली. तो ऐकत होता, मानही डोलवत होता. दुसऱ्या वळणावर गाडी लागली. माझ्यापुढे रुपया ठेवून पळाला.

मी त्या माणसाला हे द्यायला निघालो होतो. त्याचं नावही विचारलं नव्हतं.

२६ जुलै

आम्रपालीला कार्ड टाकलं. येऊ नका. खोलीत पाणी गळतं, आजारपण आहे, पुढे बघू. खरं कसं लिहायचं?

कोणीही अख्खा फेरा ऐकणार नाही. लोकांना वाट बघायला वेळ कुठे आहे. एकच आहे अशी, आणि तिने इथे येता कामा नये.

२९ जुलै

क्लॅरिनेट बयाबाईंकडे दिलं. कुलूप लावून ठेवा म्हटलं, किल्ली मला दाखवूही नका.

आता बाजार दिसतो पण ऐकू येत नाही. हमाल तोंड उघडतात, बैल मान हलवतात, आणि वर सगळ्यांच्या ती. आज रिक्षा अंगावर आली. ड्रायव्हर बराच वेळ तोंड हलवत होता. शिव्या असाव्यात.

भीती संपत आली आहे. उरला आहे तो कंटाळा. इतका कंटाळा की रडूही येत नाही.

१ ऑगस्ट

झोप नाही. बसल्या बसल्या डोळा लागतो.
फेरा. फेरा. फेरा.

३ ऑगस्ट

आल्या. दोघी. दारात ट्रंक.

माझं कार्ड वाचूनच आली आम्रपाली. आजारपण लिहिलं होतं ना मी, गाढवाने. ती बोलते आहे. तोंड हलतं आहे. तिचा आवाज कसा होता ते मी आठवून बघतो आहे.

दीपमालेने पायाला मिठी मारली. मग खोलीभर पेटी शोधली. ट्रंकेमागे, चादरीखाली. मग माझ्यापुढे येऊन दोन्ही हातांची बोटं हलवून दाखवली. वाजवा ना.

४ ऑगस्ट

पाटीवर लिहून सगळं सांगितलं आम्रपालीला. तिने वाचलं. विश्वास नाही बसला, पण माझा हात धरून बसली. उद्या, परवा डॉक्टर, असं काहीतरी पाटीवर लिहिलं.

मी लिहिलं, दीपाला घेऊन परत जा. तिने ते पुसून लिहिलं, तुम्हाला अशा स्थितीत टाकून नाही जाणार.

तोंड घट्ट मिटून बसतो. शीळसुद्धा नाही. क्लॅरिनेट कुलपात आहे. देणार नाही. आकारामने दिली नाही, मीही—

५ ऑगस्ट

दीपा मांडीवर येऊन बसते. कान माझ्या छातीला लावते. मी तिला उतरवतो. ती पुन्हा येते. मला रागावल्याचं नाटकही करता येत नाही —

दमलो. फार दमलो. झोपायचं नाही, उगाच —

६ ऑगस्ट

डोळे उघडे ठेवायला पाणी मारतो. उद्या सकाळी जायला तयार झाली. सातची गाडी. मास्तर स्टँडपर्यंत येणार.

एक रात्र. मग —

७ ऑगस्ट, दुपार

गाडी चुकली. पाऊस. संध्याकाळची आहे. जेवून भिंतीला टेकलो आणि झोप लागली. कधी लागली कळलं नाही.

आता जाग आली. शांत आहे.

शांत! काही वाजत नाही. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, तो ऐकू येतो. स्टोव्हचा आवाज. बाहेर कोणीतरी कोणालातरी गाडी मागं घ्यायला सांगतंय, त्यातला शब्दन् शब्द. मी मोठ्याने रडलो. आम्रपाली धावत आली, काय झालं म्हणाली, आणि मला तिचा आवाज आला. जरा घोगरा आहे. मी विसरलोच होतो की तो घोगरा आहे. घोटभर पाणी प्यालो, घशात उतरलेलंही ऐकू आलं. मागून घेतली ही वही, लिहून ठेवतो की गेली, आपोआप गेली, बयाबाईंना सांगायला पाहिजे की आपोआपही —

आम्रपाली सांगते आहे. हसून सांगते आहे. झोपेत तुम्ही किती छान गुणगुणत होता. तासभर. मी उठवणार होते, पण दीपाने उठवू दिलं नाही. तोंडावर बोट ठेवून बसली होती तुमच्या उशाशी. म्हणाली, आई थांब, अजून ऐकायचंय —

दीपा उंबऱ्यावर बसली आहे. पाठ इकडे.

मी हाक मारली. नेहमीच्या आवाजात.

पुन्हा मारली. मोठ्याने. बाहेरची माणसं वळून बघायला लागली. आम्रपालीने पण हाक मारली, अगदी जवळ जाऊन, आणि ती अजून वळून